जुनं बिलिंग सॉफ्टवेअर, नवं विंडोज आणि ‘डाटाबेस कनेक्ट होत नाही’

नागपूरच्या इतवारीतलं किराण्याचं ठोक दुकान असो, गांधीबागेतली कापडाची पेढी असो की कळमना यार्डातली अडत, हिशेबाचं सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी एकाच घडणीचं सापडतं. वर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आणि खाली अ‍ॅक्सेसची एमडीबी फाइल. थोडं मोठं काम असेल तर एसक्यूएल सर्व्हर २००० किंवा २००५. ते बनवणारा पोट्टा केव्हाच पुण्याला गेलेला असतो आणि सॉफ्टवेअर मात्र वीस वर्षं बिनबोभाट चाललेलं असतं. मग विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून बर्डीवरून नवं मशीन येतं, त्यात विंडोज ११ असतं, आणि पहिल्याच सकाळी स्क्रीनवर एरर येतो.

अशा वेळी डाटा बहुतेक शाबूत असतो. तुटलेला असतो तो प्रोग्रॅमपासून डाटापर्यंतचा रस्ता. म्हणून डाटाबेस ‘रिपेअर’ करायला धावू नका, आधी रस्ता तपासा.

लक्षणं

एररचे शब्द नेमके काय आहेत ते पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘एरर आला’ एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

- ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डिफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड’ किंवा ‘आर्किटेक्चर मिसमॅच’: ३२-बिट आणि ६४-बिटचा घोळ.
- ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन’: ड्रायव्हर (प्रोग्रॅम आणि डाटाबेस यांच्यातला दुभाषा) नाही, किंवा आहे पण दुसऱ्या बिटचा.
- ‘ऑपरेशन मस्ट यूज अ‍ॅन अपडेटेबल क्वेरी’: जुनी बिलं दिसतात, नवं सेव्ह होत नाही. फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नाही.
- ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’: फाइलची आवृत्ती आणि ड्रायव्हरची आवृत्ती जुळत नाही. क्वचित फाइल खरंच बिघडलेली असते.
- ‘एसक्यूएल सर्व्हर डझ नॉट एक्झिस्ट ऑर अ‍ॅक्सेस डिनाइड’: मेन मशीनपर्यंत, म्हणजे ज्यावर डाटा आहे त्या मशीनपर्यंत, पोहोचताच येत नाही.
- ‘एसएसएल सिक्युरिटी एरर’: पोहोचलं, पण दारातच बोलणी फिसकटली.
- एरर काहीच नाही, पण एका लॉगिनला दिसणारं बिल दुसऱ्या लॉगिनला दिसत नाही. हे सगळ्यात फसवं. यात लोक आठवडाभर काम करत राहतात.

‘एमएसकॉमसीटीएल ओसीएक्स’ असा काही एरर असेल तर तो डाटाबेसचा नाही. ती स्क्रीनवरची बटणं-याद्या काढणारी फाइल आहे, तिचा इलाज वेगळा.

हात लावण्याआधी

सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर बंद करा. डाटाच्या फोल्डरमध्ये एमडीबीच्याच नावाची, पण एलडीबी एक्स्टेन्शनची छोटी फाइल दिसत असेल तर कोणीतरी अजून आत आहे (मशीन मध्येच बंद पडलं असेल तरीही ती मागे राहते). ती गेल्यावर पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. फक्त एमडीबी नको, शेजारच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलीही घ्या. एसक्यूएल सर्व्हर असेल तर सर्व्हिस चालू असताना एमडीएफ ही डाटाची फाइल कॉपी होणारच नाही. सॉफ्टवेअरमधला बॅकअप मेनू वापरा, नाहीतर सर्व्हिस थांबवून एमडीएफ आणि तिच्या जोडीची एलडीएफ (लॉगची फाइल) दोन्ही घ्या.

आणि जुनं मशीन फॉरमॅट करू नका, भंगारातही देऊ नका. ते सुरूच होत नसेल तरी आतली हार्ड डिस्क काढून यूएसबी-साटा केबलने जोडता येते. रुंद पट्टीची आयडीई डिस्क असेल तर दोन्ही चालणारा अडॅप्टर मागा. पुढच्या निम्म्या तपासण्यांची उत्तरं त्याच डिस्कवर असतात.

१. मेन मशीन चालू आहे का, आणि त्याच पत्त्यावर आहे का

फुकटची तपासणी आहे, म्हणून पहिली. नेटवर्क स्विचचा अडॅप्टर आणि कूलरची पिन एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असली की एप्रिलमध्ये कूलर लावताना कोणीतरी अडॅप्टर उपटतो, आणि ‘सॉफ्टवेअर बंद पडलं’ असा फोन होतो. स्विचवरचे दिवे लुकलुकताहेत का पाहा.

मग मेन मशीनचा आयपी पत्ता पाहा. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधली आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा. त्यात सर्व्हर किंवा पाथ अशी ओळ असते. तिथे आयपी लिहिलेला असेल आणि इंटरनेटवाल्याने मधल्या काळात राऊटर बदलला असेल, तर मेन मशीनला नवा पत्ता मिळालेला असतो. सॉफ्टवेअर बिचारं जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतं. राऊटरमध्ये त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा, म्हणजे पुन्हा बदलणार नाही.

सकाळी चालतं आणि दुपारच्या जेवणानंतर बंद पडतं, असं असेल तर मेन मशीन झोपी जातंय. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. नवं विंडोज नेटवर्कला ‘पब्लिक’ धरून बसलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. पब्लिकमध्ये शेअर फोल्डर बाहेरच्यांना दिसत नाहीत.

एमडीबी वापरणारं काउंटर मशीन वायफायवर ठेवू नका. एमडीबीला मधे सर्व्हर नसतो, प्रत्येक मशीन थेट फाइलमध्येच लिहितं. लिहिता लिहिता वायफाय तुटलं की अर्धं पान लिहिलेलं राहतं, आणि मग ‘डिस्क ऑर नेटवर्क एरर’. लॅनची केबल टाका.

२. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ काढून पाहा

जुनं सॉफ्टवेअर चाललं नाही की प्रत्येक जण हीच टिकमार्क करतो. पण डाटा ‘झेड ड्राइव्ह’ अशा मॅप केलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर नेमकी तीच टिकमार्क कनेक्शन तोडते. विंडोज अ‍ॅडमिन वापरकर्त्याला दोन ओळखपत्रं देतं, एक साधं आणि एक अधिकारांचं. झेड ड्राइव्ह साध्या ओळखपत्रावर जोडलेला असतो. प्रोग्रॅम अधिकाराने चालवला की त्याला झेड दिसतच नाही. फाइल एक्स्प्लोररमध्ये मात्र झेड व्यवस्थित उघडतो, म्हणून माणूस चक्रावतो.

टिकमार्क काढा. ती काढल्याने प्रोग्रॅमच उघडत नसेल तर आयएनआयमध्ये झेडच्या जागी पूर्ण नेटवर्क पाथ द्या, म्हणजे दोन बॅकस्लॅश, मेन मशीनचं नाव, शेअरचं नाव. काही जुने प्रोग्रॅम असा पाथ स्वीकारत नाहीत. त्यांच्यासाठी रजिस्ट्रीत ‘एनेबल लिंक्ड कनेक्शन्स’ नावाची नोंद करावी लागते. रजिस्ट्रीची सवय नसेल तर ते तंत्रज्ञाकडून करून घ्या.

‘एक्सपी कंपॅटिबिलिटी मोड’ही असाच. तो प्रोग्रॅमला जुनं विंडोज असल्याचं भासवतो, हरवलेला ड्रायव्हर आणून देत नाही. दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

३. सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकलंय का

एक्सपीच्या काळात प्रोग्रॅम आणि डाटा एकाच फोल्डरमध्ये, प्रोग्रॅम फाइल्समध्येच ठेवत. व्हिस्टापासून विंडोज तिथे साध्या प्रोग्रॅमला लिहू देत नाही. पण जुना प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून गुपचूप एक नक्कल करतं आणि लिखाण तिकडे वळवतं. ही नक्कल वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, ‘लोकल’च्या आत ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये बसते. प्रत्येक लॉगिनची वेगळी.

आता चित्र बघा. एकाच मशीनवर ‘सेठ’ आणि ‘काउंटर’ अशी दोन लॉगिन आहेत. काउंटरवाल्याने बिल नंबर ४१२ फाडलं. सेठने आपल्या लॉगिनने उघडलं तर शेवटचं बिल ३९८. त्याने पुढचं बिल केलं, तेही ३९९ नंबरचं, आणि ३९९ तर तिकडे आधीच आहे. दोघांपैकी कोणाला एकही एरर आला नाही.

तपासायला सर्चमध्ये त्या एमडीबीचं नाव टाका, लपवलेले फोल्डर दाखवायला सांगा, आणि प्रत्येक प्रत कुठे आहे, किती एमबीची, कधी बदललेली, ते कागदावर लिहा. एकाच प्रतीत नवं काम असेल तर सोपं आहे. ती प्रत घेऊन पूर्ण सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवा आणि त्या फोल्डरवर ‘मॉडिफाय’ परवानगी द्या. परवानगी फक्त एमडीबी फाइलवर पुरत नाही, फोल्डरवर लागते. कारण प्रत्येकाला तिथे ती एलडीबी फाइल तयार करायची आणि पुसायची असते. दोन प्रतींत नवी बिलं असतील तर इथेच थांबा. त्या जोडणं हे हिशेबाचं काम आहे, कॉपी-पेस्टचं नाही.

फोल्डर डेस्कटॉपवरही ठेवू नका. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप बऱ्याचदा आपोआप वनड्राइव्हशी जोडलेला असतो, आणि चालू एमडीबीवर वनड्राइव्हने हात टाकला की लॉकचे एरर सुरू होतात.

४. ३२ की ६४

सर्वाधिक वेळ खाणारा बिघाड हाच, आणि दुरुस्तीला दहा मिनिटं पुरतात.

व्हिज्युअल बेसिक ६ चा प्रोग्रॅम ३२-बिट असतो आणि कायम ३२-बिटच राहणार. ३२-बिट प्रोग्रॅम फक्त ३२-बिट ड्रायव्हर वापरू शकतो. विंडोज ११ हे ६४-बिटच येतं, पण त्यात ओडीबीसीची (प्रोग्रॅमला डाटाबेसशी जोडणारी विंडोजची सोय) दोन वेगळी कपाटं आहेत. ६४-बिटच्या कपाटात डीएसएन (डाटाबेस कुठे आहे हे सांगणारी, नाव दिलेली नोंद) बनवला तर ३२-बिट प्रोग्रॅमला तो दिसत नाही. नावांनी आणखी घोळ घातलाय. ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये ६४-बिटची साधनं आहेत आणि ‘सिसवॉव६४’ फोल्डरमध्ये ३२-बिटची. दोन्हीकडच्या प्रोग्रॅमचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. खिडकीही सारखीच दिसते.

स्टार्ट मेनूत ‘ओडीबीसी’ टाइप करा. दोन नावं येतील, त्यातलं ३२-बिटचं उघडा. ‘सिस्टम डीएसएन’ टॅबवर जा, ‘यूजर डीएसएन’वर नको. यूजर डीएसएन त्या एकाच लॉगिनपुरता असतो, उद्या दुसरं लॉगिन केलं की पुन्हा रडगाणं. ‘अ‍ॅड’ दाबा, ड्रायव्हर निवडा (एमडीबीसाठी ‘मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस ड्रायव्हर’, एसक्यूएलसाठी ‘एसक्यूएल सर्व्हर’), आणि डीएसएनचं नाव जुन्या मशीनवर होतं तस्संच द्या. स्पेस, अंडरस्कोअर, सगळं अक्षर न् अक्षर. प्रोग्रॅमच्या पोटात तेच नाव कोरलेलं असतं.

जुनं मशीन सुरू होत नसेल आणि डीएसएनचं नाव ठाऊक नसेल तर आयएनआयमध्ये शोधा. तिथेही नसेल तर ते प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं आहे किंवा जुन्या डिस्कच्या रजिस्ट्रीत आहे. ते काढणं जाणकाराचं काम.

५. अ‍ॅक्सेसचा ड्रायव्हर आणि फाइलची आवृत्ती

एमडीबीचा जुना ड्रायव्हर ‘जेट ४.०’ विंडोज ११ मध्येही आयता येतो, फक्त ३२-बिटमध्ये. म्हणजे निखळ जुन्या प्रोग्रॅमसाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही. इंटरनेटवरून ‘जेट’ची कुठलीतरी डीएलएल उतरवून विंडोजमध्ये टाकणाऱ्याचा हात धरा.

प्रोग्रॅमला ‘एसीई ओएलईडीबी १२.०’ हा नंतरचा ड्रायव्हर लागत असेल तर मात्र मायक्रोसॉफ्टचं ‘अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन’ टाकावं लागतं, तेही ३२-बिटचं. मशीनवर ६४-बिट ऑफिस असेल तर इन्स्टॉलर अडून बसतो. त्याला चकवायच्या युक्त्या आहेत, पण दोन बिटांचं असं मिश्रण मायक्रोसॉफ्टला मान्य नाही आणि पुढच्या ऑफिस अपडेटला ते मोडू शकतं. सरळ मार्ग म्हणजे ऑफिस काढून त्याच लायसन्सवर ३२-बिट ऑफिस टाकणं. दुकानातल्या एक्सेल शीट्सना त्याने काही फरक पडत नाही.

‘अनरेकग्नाइज्ड फॉरमॅट’ची एक ठरलेली वाट आहे. घरातला कोणी हुशार मुलगा अ‍ॅक्सेस ९७ च्या काळातली फाइल अ‍ॅक्सेस २०१० मध्ये वगैरे उघडतो, ते ‘कन्व्हर्ट करू का’ विचारतं, आणि तो ‘हो’ म्हणतो. फाइल नव्या रूपात जाते आणि जुना प्रोग्रॅम तिला ओळखत नाही. उलटही होतं. अ‍ॅक्सेस २०१३ आणि पुढच्या आवृत्त्या ९७ ची फाइल उघडतच नाहीत, आणि चांगल्या फाइलवर ‘खराब’ असा शिक्का बसतो. म्हणून एमडीबी मूळ प्रोग्रॅममधूनच उघडून पाहा.

फाइलचा आकारही बघा. एमडीबीची मर्यादा २ जीबी आहे. त्याच्या जवळ पोहोचली असेल तर आधी प्रत काढा आणि ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ त्या प्रतीवर चालवा.

६. मेन मशीनच एक्सपी असेल तर

एक्सपी आणि सर्व्हर २००३ फोल्डर शेअर करायला एसएमबी १ नावाची जुनी भाषा वापरतात. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती येत नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस याच भाषेतल्या भोकातून पसरला होता. ‘विंडोज फीचर्स’मध्ये ती परत चालू करता येते, पण ते फक्त डाटा हलवायच्या अर्ध्या तासापुरतं करा आणि लगेच बंद करा. डाटा नव्या मशीनवर आणून त्यालाच मेन मशीन बनवा.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आणखी एक अडथळा आहे. बिनापासवर्डचं शेअर उघडताना ‘युअर ऑर्गनायझेशन्स सिक्युरिटी पॉलिसीज’ असं काहीतरी येतं, आणि दुकानदार विचारतो, ही कुठली ऑर्गनायझेशन? कोणतीच नाही. पाहुणा म्हणून शिरणं बंद केलंय एवढाच त्याचा अर्थ. मेन मशीनवर पासवर्ड असलेला एक वापरकर्ता बनवा, शेअरवर त्याला परवानगी द्या आणि काउंटरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तेच नाव-पासवर्ड भरा.

७. एसक्यूएल सर्व्हर

क्रम असा ठेवा: सर्व्हिस, प्रोटोकॉल, पोर्ट, मग ड्रायव्हर.

मेन मशीनवर सर्व्हिसेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर ‘रनिंग’ आहे का पाहा. प्रोग्रॅम मेन मशीनवर चालतो आणि फक्त काउंटरवर अडतो, तर बहुधा टीसीपी/आयपी बंद आहे. एक्सप्रेस आवृत्तीत तो मुळातच बंद असतो. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये चालू करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर बदल लागू होत नाही. फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३ उघडा. सर्व्हरच्या नावात बॅकस्लॅशनंतर इन्स्टन्सचं नाव असेल तर पोर्ट बदलता असू शकतो, मग ‘एसक्यूएल ब्राउझर’ सर्व्हिस आणि यूडीपी १४३४ ही लागतात. दोन्ही पोर्ट फक्त प्रायव्हेट नेटवर्कपुरते. घरून हिशेब बघायचा म्हणून राऊटरवरून १४३३ बाहेर उघडून देऊ नका. जानेवारी २००३ मधला स्लॅमर व्हायरस यूडीपी १४३४ वरूनच घुसला होता.

प्रोग्रॅममध्ये जुन्या सर्व्हरचं नाव पक्कं कोरलेलं असेल तर काउंटर मशीनवर सिसवॉव६४ मधला ‘क्लायकॉन्फिग’ चालवून त्या नावाचं अलियास (टोपणनाव) करा आणि नवा पत्ता द्या. इथेही ३२-बिटचाच हवा.

‘एसएसएल सिक्युरिटी एरर’ म्हणजे दोन्ही बाजूंना टीएलएसची (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) समान आवृत्ती सापडली नाही. जुना सर्व्हर टीएलएस १.० वर अडलेला असतो, किंवा नव्या सर्व्हरवर फक्त १.२ चालू असतं आणि प्रोग्रॅमचा ड्रायव्हर जुना. त्याच मशीनवर नेट बँकिंग करत असाल तर टीएलएस १.० उघडून देणं महागात पडेल. सर्व्हरची बाजू अद्ययावत करून घ्या. ओडीबीसी ड्रायव्हर १८ टाकल्यावर सर्टिफिकेटचा एरर आला तर गोष्ट वेगळी. तो ड्रायव्हर एन्क्रिप्शन आपोआप मागतो. दुकानातल्या दुकानात असेल तर डीएसएनमध्ये ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला टिक करा.

एसक्यूएल २००० चा बॅकअप २०१२ किंवा पुढच्या आवृत्तीवर थेट रिस्टोर होत नाही. मध्ये २००८ आर२ चा टप्पा घ्यावा लागतो.

डॉसमधल्या फॉक्सप्रोचं एका ओळीत: १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर उघडतच नाही, व्हर्च्युअल मशीन किंवा डॉसबॉक्स लागतो.

कनेक्शन जुळलं पण तारीखवार रिपोर्ट रिकामा येतोय? रीजन सेटिंग अमेरिकन असेल. ‘इंग्लिश (इंडिया)’ करा, नाहीतर ५ एप्रिल हा ४ मे होतो.

कधी थांबायचं

हार्ड डिस्क टकटक आवाज करतेय तर मशीन लगेच बंद करा आणि डाटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. प्रत्येक ‘पुन्हा एकदा बघू’ने डिस्क आणखी घासते. एसक्यूएलमध्ये डाटाबेसपुढे ‘सस्पेक्ट’ दिसला तर तो डिटॅच करू नका, कारण परत जोडताना अडतो. मूळ प्रोग्रॅमही फाइल ओळखत नाही आणि कन्व्हर्ट कोणीच केलेलं नाही, फाइलींची एक्स्टेन्शन विचित्र झालीत, डाटाबेसचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही, किंवा दोन प्रतींत वेगवेगळी बिलं आहेत, अशा वेळीही घरचे प्रयोग बंद. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुनं मशीन कसंबसं चालत असेल तर तेच चालू द्या, बदल एप्रिलमध्ये करा.

तंत्रज्ञाला बोलावताना एररचे फोटो, जुनी डिस्क, पेन ड्राइव्हवरची प्रत, आयएनआय फाइल आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं त्याची यादी समोर ठेवा. आल्या आल्या तो ‘आधी फॉरमॅट मारू’ म्हणाला तर चहा पाजा आणि दुसरा शोधा.